वांटणीचे पाढे

(नभोवाणीवरील भाषण)

पाढा म्हटला कीं गुणाकार, अशी आपली सर्वांची समजूत असते. 'बे एके बे' पासून 'तीस दाहे तीनशें' पर्यंत जें पाठ केलें जातें तें सारें गुणाकाराचें, आणि भागाकार म्हणजे पाटीवर मांडून करावयाची निराळी व जरा कठीण क्रिया, असेंच शाळेंतून बाहेर पडलेला बहुतेक प्रत्येक मनुष्य सांगेल. परंतु महाराष्ट्रांतील जुन्या गांवठी शाळांतून मुलें जे पाढे घोकीत, त्यांतील एका मोठ्या भागाचें काम गुणण्यापेक्षां वांटण्याचें अधिक होतें. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हीं त्या सात पाढ्यांचीं नांवें. वयस्क श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं तीं आजोबांच्या तोंडून ऐकलीं असतील, अंकलिपीच्या पुस्तकांत छापलेलीं पाहिलीं असतील. त्यांच्या नातवंडांना मात्र तीं एकाद्या उखाण्यासारखीं वाटतील. या पाढ्यांची हकीकत मी आज सांगणार आहें, आणि ती साताऱ्याच्या पूर्वेकडील माण तालुक्याला धरून सांगणार आहें. तेथें माझें शिक्षकाचें आयुष्य गेलें हें त्याचें एक कारण. आणि जेथें पीक थोडें तेथें वांटणीला मोल फार, हें दुसरें.

प्रथम हे पाढे होते कसे तें पाहूं. पावकी म्हणजे एकापासून शंभरापर्यंतच्या प्रत्येक संख्येचा चतुर्थांश. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. असें चालत तेरा पाव सव्वातीन, आणि शेवटीं शंभर पाव पंचवीस. निमकींत प्रत्येक संख्येचें अर्ध, म्हणजे एकोणीस निम साडेनऊ. पाऊणकींत तीन चतुर्थांश, म्हणजे पंधरा पाऊण सव्वाअकरा. पुढचे चार पाढे सव्वा, दीड, अडीच आणि औट यांचे. औट म्हणजे साडेतीन. वरवर पाहतां हाही गुणाकारच. पण ज्या मुलाला पावकी येते त्याला कोणत्याही संख्येस चोहोंनीं भागत बसावें लागत नाहीं. भागाकार त्याच्या जिभेवर तयार असतो. पावकीचा निम घेतला कीं आठवा हिस्सा निघाला, पावकीची पुन्हां पावकी घेतली कीं सोळावा निघाला. लिहिण्याची रीतही तशीच सुटसुटीत होती. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '१।' म्हणजे सव्वा, '१॥' म्हणजे दीड, '१॥।' म्हणजे पावणेदोन. अंश आणि छेद यांची उतरंड रचण्याची गरजच नव्हती.

ही रीत इतकी सोपी पडे, याचें कारण नाण्यांत व मापांत होतें. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. चौसष्ट ही संख्या मोठी गुणी आहे. तिचे दोन भाग करा, बत्तीस. पुन्हां करा, सोळा. मग आठ, चार, दोन, एक. सहा वेळां दुभागली तरी तिच्यांत तुकडा पडत नाहीं. शेराचेंही तेंच. शेर, अच्छेर, पावशेर, नवटांक, छटाक, अशी एकेका पायरीला निम्मी होणारीं तीं मापें होतीं. बाजारांत वस्तु या दुभागण्याच्या क्रमानें उतरत असत आणि शाळेंतला पाढाही त्याच क्रमानें उतरे. पाढा आणि तराजू एकाच घडणीचे होते म्हणाना.

या शब्दांचीं घराणींही जुनीं आहेत. पाद म्हणजे चौथा हिस्सा, त्याचा पाव झाला. सपादचा सव्वा, पादोनचा पाऊण, सार्धचा साडे. अडीच हा अर्धतृतीय या शब्दाचा वंशज. म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. त्याच न्यायानें अर्धचतुर्थ याचें प्राकृतांतून घासत घासत औट झालें. ही विचारसरणी आपल्याच लोकांची आहे असें मात्र नाहीं. जर्मन मनुष्य अडीच वाजले हें सांगतांना 'अर्धे तीन' असेंच म्हणतो. येथें जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्या चार मूळ क्रियांपैकीं गुणाकार व भागाकार हे शब्द संस्कृताचे, तर बेरीज आणि वजाबाकी हे यावनी दप्तरांतून आलेले. शास्त्रीबुवा आणि कारकून या दोघांनीं मिळून मराठी गणिताची भाषा बनविली, आणि पंतोजीनें ती पोरांच्या गळीं उतरविली.

चार आणि सोळा या संख्यांचा मान तर भास्कराचार्यांच्या काळींही होता. ११५० सालच्या लीलावतीच्या आरंभींच नाण्यांचें कोष्टक आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला, आणि तेराव्या शतकाच्या आरंभींचा त्याचा शिलालेख आजही उपलब्ध आहे. मराठ्यांच्या राज्यकारभारांत तर पावकीला सिंहासनच मिळालें. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई होती. त्या चौथाईचा पुन्हां चौथा हिस्सा छत्रपतींचा, त्यास राजबाबती म्हणत. म्हणजे मूळ वसुलाच्या रुपयांतील एक आणा साताऱ्याच्या गादीचा. ही पावकीची पावकी झाली. साताऱ्याच्या फडावरचा कारकून तो आकडा कागदाशिवाय सांगूं शकत असला पाहिजे. न सांगेल तर त्याची नोकरी कशी टिकावी?

भागाकार पाठ करण्याची कल्पना इतर देशांतही सुचलेली आहे. मेसोपोटेमियांतील निप्पूर येथें सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींच्या शाळकरी मुलांच्या मातीच्या पाट्या सांपडल्या आहेत. ते लोक साठाच्या पटीनें मोजीत, म्हणून त्यांचीं मुलें साठाचे भाग घोकीत: दोहोंनीं तीस, तिहींनीं वीस, चोहोंनीं पंधरा. चीनमध्यें मण्यांच्या चौकटीवर हिशेब करणाऱ्यांसाठीं भागाकाराचे खास पाढे होते. १२९९ सालच्या एका गणितग्रंथांत ते दिलेले आहेत. त्यांतील एक वाक्य दहांचे दोन भाग केले तर पांच मांडावे अशा अर्थाचें असून, तें पुढें 'निम्मे निम्मे वांटून घेऊं' या अर्थानें चिनी लोकांच्या नित्याच्या बोलण्यांत शिरलें. जपानांत १६२७ सालच्या 'जिंकोकी' नांवाच्या पुस्तकानें असे पाढे घरोघर नेले. वांटणीच्या वेळीं कोणी फसवूं नये, ही चिंता सर्व देशांतील माणसांना सारखीच असावी.

आतां आपल्या गांवठी शाळेंत येऊं. ती भरे देवळाच्या ओवरींत, नाहींतर एकाद्या बऱ्या घराच्या ओसरीवर. पंतोजीला पगार असा नसे. पालकांकडून धान्य, सणावाराला शिधा, कांहीं रोकड. फळीवर धूळ किंवा विटकरीची पूड पसरून तींत काडीनें अक्षरें काढावयाचीं, म्हणून त्यांस धुळाक्षरें म्हणत. सकाळीं लेखन, नंतर मोडीचें वाचन, आणि सायंकाळीं दिवेलागणीच्या सुमारास परवचा. परवच्याला एक थोराड मुलगा पुढें उभा राही, तो एक ओळ म्हणे आणि बाकीचे तीच ओळ उचलीत. लहान पोर पहिल्या वर्षीं नुसतें सुरांत सूर मिळवी, दुसऱ्या वर्षीं त्याला शब्द कळत, तिसऱ्या वर्षीं अर्थ. मोठ्या मुलानें लहानांस शिकवावयाची ही देशी चाल अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्याला मद्रासेस उपयोगी पडली, आणि त्यानें १७९७ सालीं लंडनांत पुस्तक छापून ती विलायतेंत नेली. तिकडे ती 'मद्रास पद्धति' म्हणून गाजली.

या शाळांविषयीं मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं लिहून ठेवलें आहे कीं, आपल्या मुलखांत शाळा नाहीं असें खेडें क्वचितच सांपडेल, आणि आपला हिशेब आपण ठेवूं शकत नाहीं असा शेतकरी किंवा लहान दुकानदारही विरळा. हे उद्गार पुढें अनेकांनीं अभिमानानें उद्धृत केले; १९८३ सालीं धरमपाल यांच्या ग्रंथामुळें ते नव्या पिढीपुढेंही आले. अभिमान वाटावा असेंच तें आहे. तथापि माणसारख्या मुलखांत आयुष्य काढलेल्या माणसाला तें जसेंच्या तसें स्वीकारवत नाहीं. ओसरीवर बसणारीं मुलें कोणाचीं होतीं? कुळकर्ण्याचीं, जोशाचीं, वाण्याचीं, सोनाराचीं, कोठें पाटलाचीं. मेंढरांमागें हिंडणाऱ्या धनगराचें पोर परवच्याच्या वेळीं रानांत असे. महार-मांगांच्या पोराला ओसरीची पायरीही चढूं देत नसत. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या आयांनीं पाढ्यावांचूनच रोज सात तोंडांत पांच भाकरींची वांटणी केली, ती गोष्ट निराळी. साहेबांनीं जें पाहिलें तें खोटें नव्हतें, पण बहुधा तें ओसरीवरचें होतें. अंगणाबाहेर काय होतें तें पुढें चोपन्न वर्षांनीं उघडकीस आलें. त्याकडे मी येतोंच, पण आधीं माणचें खळें पाहिलें पाहिजे.

माणगंगा कुळकजाईच्या डोंगरांत उगम पावते, म्हसवडवरून आटपाडीकडे, तेथून सांगोल्याकडे जाऊन शेवटीं भीमेला मिळते. वर्षाचे बहुतेक महिने तिच्यांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस या बाजूस पोहोंचेपर्यंत रिता होतो. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे अशीं हलकीं पिकें, आणि मेंढ्यांच्या लोंकरीचीं घोंगडीं, यांवर हा मुलूख जगला. अशा ठिकाणीं रास मळून, उफणून तयार झाली कीं तिच्याभोंवतीं माणसें जमत, आणि प्रत्येकाचा त्या राशीवर हक्क असे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी. सुतार, लोहार, चांभार यांपासून गुरवापर्यंत ज्याच्या त्याच्या ओळीप्रमाणें माप. शेत अर्धेलीनें केलेलें असलें तर मालकाचा निम: रास सत्तावीस मणांची, सत्तावीस निम साडेतेरा. कोठें चौथाईचा करार, तेथें पावकी. सावकाराचें बियाण्याचें धान्य वेगळें. शेवटीं जें उरे तें कुणब्याचें, आणि त्यांतूनच विकून सरकारचा धारा रोख भरावयाचा.

या खळ्यावरचा एक प्रश्न मात्र सातही पाढ्यांना सुटत नसे, तो म्हणजे तिजाई. तिसऱ्या हिश्शाचा पाढाच नव्हता. पाव आहे, निम आहे, पाऊण आहे; त्रितीयांश नाहीं. आणि बापाच्या मागें भाऊ तर पुष्कळदां तीनच असत! ही उणीव पाढ्यांनीं नव्हे, नाण्यानें भरून काढली. आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या एकशें ब्याण्णव. आणि एकशें ब्याण्णवांचे तीन सारखे भाग बिनबोभाट पडतात. एकेकाला चौसष्ट पै, म्हणजे पांच आणे चार पै. तीन भावांच्या घरांत 'पांच आणे चार पै' हे शब्द जमिनीच्या, विहिरीच्या, आंब्याच्या झाडाच्या हिश्शासाठीं सर्रास वापरले जात. जो नुसता पाढे घोकून थांबला त्याला हें माहीत नसे. ज्यानें वांटणी पाहिली होती त्याला असे.

सवायकी आणि दिडकी यांचें खरें रूप सावकारीच्या व्यवहारांत दिसे. मृगाच्या तोंडावर घरांत बियाणें नाहीं, म्हणून कुणबी सावकाराकडून धान्य आणी. तें सुगीला सवाईनें किंवा दिढीनें परत करावयाचें. सवाई म्हणजे चाराचे पांच, दिढी म्हणजे दोनाचे तीन. आतां समजा, सहा पायली बाजरी दिढीनें घेतली. सुगी साधली तर नऊ पायली देऊन माणूस मोकळा. पण माणमध्यें सुगी साधतेच असें कोण म्हणेल? पाऊस गेला, धान्य फिटलें नाहीं, तर नवाची साडेतेरा झाली. दुसऱ्याही वर्षीं गेला, तर साडेतेराची सव्वावीस. तीन पावसांत सहाची सव्वावीस! दिडकी पाठ असलेल्या माणसाला हा उतार पहिल्याच दिवशीं डोळ्यांपुढें दिसतो. ज्याला ती येत नाहीं, त्याला सावकार जें सांगेल तेंच खरें. रोकड कर्जाला निदान दामदुपटीचा जुना दंडक होता. व्याज मुदलाहून अधिक एका वेळीं मागतां येत नसे. पण मुद्दल आणि व्याज मिळून नवा रोखा लिहून घेतला म्हणजे दामदुपटीचा बंध आपोआप सुटे, आणि नव्या रोख्याखालीं कुणब्याची निशाणी नांगराची.

तीं चोपन्न वर्षें येथें संपतात. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक उठले, आणि पुणें व नगर जिल्ह्यांत ठिकठिकाणीं सावकारांचे रोखे, खतें व वह्या जाळण्यांत आल्या. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव चढले होते ते उतरले, धाऱ्याची नवी आकारणी वाढली, हीं कारणें इतिहासांत सांगतात आणि तीं बरोबरच आहेत. मला मात्र सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते कीं, पुष्कळ ठिकाणीं लोकांचा रोख सावकाराच्या प्राणावर नव्हता, त्याच्या कागदावर होता. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं आणि ज्यांतला हिशेब आपणांस पडताळतां येत नाहीं, त्याला आग लावणें एवढाच भागाकार त्यांच्या हातीं राहिला होता. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, म्हणजे माणलाही झाला. कोर्टानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ देणें किती हें पहावें, सावकारानें पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब लेखी द्यावा, अशीं त्यांत कलमें होतीं. कायदा चांगला होता. पण हातांत पडलेला हिशेब वाचावयाचा कोणी?

हाच प्रश्न जोतीराव फुले यांनीं विचारला. त्यांचें मूळ गांव कटगुण, माणच्या शेजारच्या खटाव तालुक्यांतलें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळेंत काय शिकवावें तें सांगितलें आहे. मोडी आणि बाळबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाचीं मूलतत्त्वें आणि शेतकीची तोंडओळख, असा तो क्रम आहे. त्यांत हिशेबाला दिलेली जागा मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत अक्षरशत्रु कुणबी दप्तरापुढें कसा नागवला जातो तें त्यांनीं इतक्या कडक शब्दांत मांडलें आहे कीं, कुळकर्ण्यांच्या वंशजांना तें आजही झोंबेल. झोंबूं द्यावें.

नव्या पद्धतीच्या गणिताचीं पुस्तकें तोंपर्यंत मराठींत आलेलीं होतीं. १८२२ सालीं मुंबईंत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी एंजिनियरानें आपल्या शास्त्रीमंडळींच्या साह्यानें हटन याच्या इंग्रजी गणितग्रंथांचें मराठींत भाषांतर केलें. पुढें केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गणिताचे गुरु, यांनींही शाळांसाठीं पुस्तकें लिहिलीं. अंश-छेदाच्या रीतीनें तिजाईच काय, सतरावा हिस्साही काढतां येऊं लागला. असें असूनही सरकारी शाळांनीं पावकी ते औटकी सोडली नाहीं, हें शहाणपणाचें झालें. कारण बाजार अजून आण्यांतच चालला होता.

मग हे पाढे अंगणाबाहेर पोहोंचले केव्हां? फार सावकाश. साताऱ्याच्या मुलखांत लोकलबोर्डाच्या शाळा वाढल्या. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापून भाऊराव पाटलांनीं जेथें सरकारची शाळा पोहोंचली नव्हती अशा वाड्यांकडे मोर्चा वळविला. आटपाडी भाग औंध संस्थानांत होता. त्या संस्थानच्या एका धनगरवाडींत शाळामास्तर जाऊन राहतो तेव्हां काय काय घडतें, तें व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी' या कादंबरीमुळें साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालें आहे. पोर शाळेंत बसलें तर मेंढरें कोणीं राखावीं, हा तेथला प्रश्न खरा आहे. माझ्या नोकरीच्या काळींही तो पुरता सुटला नव्हता. १९६२ च्या मे महिन्यांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि त्यानंतर कोठें वाडीवस्तीवर शाळेची घंटा ऐकूं येऊं लागली.

शाळेंत न जातांही पाढे मिळविलेलीं माणसें होतीं, हें सांगितलें पाहिजे. म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. तेथें एका वर्षीं घोंगड्यांच्या पालावर एक म्हातारा सणगर भेटला. तो आपल्या तरुणपणींचे सौदे सांगत होता. साडेतीन रुपयांस एक, अशीं तेरा घोंगडीं त्यानें एका व्यापाऱ्याला दिलीं होतीं. किती झाले, असें मीं सहज विचारलें. "तेरा औट साडेपंचेचाळीस," तो म्हणाला, "आन् त्यो मला त्रेचाळीस द्याया लागला हुता." औटकी कोठें शिकलांत, असें विचारतां त्यानें सांगितलें कीं लहानपणीं वाण्याच्या दुकानीं गडी होतों, मालकाचीं पोरें संध्याकाळीं आंत म्हणत, मी बाहेर पोतीं रचतांना ऐकत असें. त्याला सही येत नव्हती. अडीच रुपये वांचविण्यापुरतें गणित मात्र त्यानें दाराआडून मिळविलें होतें.

आणि आतां या हकीकतींतील विपरीत गोष्ट ऐका. ज्यांच्यापासून हे पाढे पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिले त्यांचीं मुलें शाळेंत येऊं लागलीं, त्याच सुमारास पाढ्यांखालचें नाणेंच काढून घेण्यांत आलें. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ १९६२ पर्यंत शेर-मण जाऊन किलो आले. दशमान पद्धतीचे फायदे मी नाकारीत नाहीं. भागाकाराचें अर्धें काम तींत एका टिंबानें होतें, आणि कोणत्याही जातीच्या मुलाला ती सारखीच सोपी आहे. पण शंभर ही संख्या चौसष्टासारखी उदार नाहीं. दोनदां दुभागली कीं पंचवीस, आणि तिसऱ्या वेळीं साडेबारा. तेथेंच तुकडा पडला. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि सव्वासहाचें नाणें पाडतां येत नाहीं. म्हणून सरकारी कोष्टकांत एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, आणि चार आण्यांना पुरे पंचवीस असें ठरविलें. ज्याच्याजवळ चार आणे एकदम मोडण्याची ऐपत त्याचें कांहीं गेलें नाहीं. जो सोळा वेळां एकेक आणा मोडी, त्याला रुपयामागें शहाण्णवच पैसे आले. तिजाईचें तर विचारूंच नका. तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, आणि एक पैसा भांडणाला शिल्लक.

माझी पिढी शाळेंत गेली ती या बदलानंतर. घरांत वडीलधारीं माणसें 'बारा आणे' म्हणत आणि पाटीवर आम्ही पंचाहत्तर पैसे लिहीत असूं. शाळेच्या पुस्तकांतून पाऊणकी, सवायकी, औटकी एकामागून एक मागें पडल्या. पुढें ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचें नाणेंही चलनांतून गेलें. पावली गेली, अधेलीचें दर्शन दुर्मिळ झालें. सव्वा, दीड, अडीच यांना भाषेनें आश्रय दिला. औट मात्र 'औट घटकेचें राज्य' एवढ्या एकाच वाक्प्रचारांत उरला आहे. औट घटका म्हणजे चौऱ्यायशीं मिनिटें, हेंही फारच थोड्यांना सांगतां येतें.

माण तालुक्यांत पाव आणि निम यांचें एक काम अजून शिल्लक आहे, तें म्हणजे पिकाची आणेवारी. पुरें पीक सोळा आणे मानून यंदाचें किती आणे, असा अंदाज गांवोगांव करावयाचा आणि त्यावर धाऱ्याची सूट ठरवावयाची. १९१८ सालचा खेड्याचा सत्याग्रह पेटला तो याच आंकड्यावरून. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षींची वसुली तहकूब व्हावी असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आंत आहे, सरकारी अंमलदार म्हणत बाहेर आहे. गांधींनीं एवढी चळवळ उभारली तिच्या मुळाशीं रुपयाची पावली होती. पुढें आण्यांची जागा पैशांनीं घेतली, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैसे ही दुष्काळाची शीव ठरली; म्हणजे पावकीवरून आपण निमकीवर आलों. २०१६ च्या दुष्काळसंहितेनें पावसाची तूट, जमिनींतील ओल, उपग्रहांनीं टिपलेली हिरवळ असे शास्त्रीय निकष आणले असले, तरी पैसेवारीचा आंकडा जाहीर होतो त्या दिवशीं माणच्या पारावर तो अजून विचारला जातो. एकोणपन्नास कीं एकावन्न, एवढ्या दोन पैशांत कित्येकदां गांवची सवलत अडकलेली असे.

आणि पै? ती तर कित्येक वर्षांत कोणीं डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं. पण जमिनीचे जुने फेरफार पहावयाचा प्रसंग आला, तर तीन भावांच्या नांवांपुढें हिश्शाच्या रकान्यांत तीच नोंद तीनदां आढळते: पांच आणे चार पै. सांप्रतचा कारकून ती संगणकावर उतरवितांना क्षणभर थबकतो, आणि मग रांगेंत उभ्या असलेल्या एकाद्या म्हाताऱ्याला विचारतो, "आजोबा, हें किती झालें हो?"